हुकूमनाम्याच्या आधीच मालमत्तेचे विवरण मागा : नियम समितीस खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य, नियम समिती (दिवाणी प्रक्रिया संहिता, कलम १२३), मुंबई उच्च न्यायालय
तसेच
मा. प्रधान सचिव, विधी व न्याय विभाग, महाराष्ट्र शासन

विषय : पैशाच्या वसुलीच्या दाव्यांत प्रतिवादीचे शपथेवरील मालमत्ता विवरण मुद्दे निश्चित होण्यापूर्वीच (म्हणजे वादाचे प्रश्न न्यायालयाने ठरवण्यापूर्वीच) घेणे बंधनकारक करण्याबाबत.

महोदय, महोदया,

मी सोलापुरात राहणारी एक निवृत्त शिक्षिका आहे. माझ्या हातात दिवाणी न्यायालयाचा एक हुकूमनामा आहे. पूर्वीच्या भाडेकरूने माझ्या घराचे केलेले नुकसान, थकवलेले भाडे आणि माझ्या नावावर ठेवून गेलेले वीजबिल यांपोटी त्याने मला २,४४,५०० रुपये, दाव्याच्या तारखेपासून सहा टक्के व्याज आणि दाव्याचा खर्च द्यावा, असे त्यात लिहिले आहे. या हुकूमनाम्यावर अपील झालेले नाही. तो अंतिम आहे, आणि त्याच्या वसुलीसाठी दाखल केलेल्या दरखास्तीचे सध्या तिसरे वर्ष चालू आहे. आतापर्यंत माझ्या पदरात ११,३४० रुपये पडले असून दरखास्तीवर माझा झालेला खर्च त्याच्या अडीच पटींहून अधिक आहे.

माझी तक्रार कोणत्याही न्यायाधीशाविरुद्ध, न्यायालयाच्या कर्मचाऱ्याविरुद्ध किंवा वकिलाविरुद्ध नाही, हे आधीच स्पष्ट करते. ज्यांच्या ज्यांच्याकडे माझे कागद गेले, त्यांनी आपापले काम नियमाप्रमाणे केले. माझे म्हणणे त्या नियमाबद्दल आहे, आणि नियम बदलण्याचा अधिकार आपल्याकडे असल्यामुळे हे पत्र आपल्याला लिहीत आहे. ते खुले अशासाठी ठेवले आहे की, सोलापुरात आणि राज्यातल्या इतर शहरांत माझ्यासारखे हुकूमनामा कपाटात ठेवून बसलेले लोक पुष्कळ आहेत, आणि त्यांनीही आपापला अनुभव आपल्यापर्यंत पोहोचवावा असे मला वाटते.

आधी नुकसानीबद्दल सांगते, कारण ते डोळ्यांसमोर असल्याशिवाय पुढचे कळणार नाही. आमचे घर दगड-चुन्याचे आहे. माझे सासरे गिरणीत जॉबर (कामगारांवरचे मुकादम) होते आणि घराच्या मागच्या खणात त्यांचे दोन हातमाग होते. माग गेले, खण रिकामा राहिला, आणि माझे यजमान वारल्यानंतर तो मी टॉवेलचे पॅकिंग करणाऱ्या एका गृहस्थाला भाड्याने दिला. करार नोंदणीकृत होता. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे ती जबाबदारी घरमालकाची असते, हे मला ठाऊक होते आणि मी ती पाळली. वर्षभर भाडे वेळेवर आले. मग पॅकिंगच्या जागी पिंपे आली, आणि मला न विचारता मागच्या खणात सुताचे ब्लीचिंग आणि रंगाई सुरू झाली. वाफ बाहेर जावी म्हणून त्याने भार पेलणाऱ्या भिंतीला दोन फुटांचे भगदाड पाडून तिथे पंखा बसवला. आमची फरशी शहाबादी आहे. शहाबादी हा चुनखडीचा दगड, आणि आम्लाचे पाणी त्याला खाते. काही महिन्यांत फरशीची पृष्ठे पोपडे धरून सुटू लागली, सांध्यांतून पाणी खाली उतरले आणि एका बाजूची जमीन खचली.

सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही; काही दिवसांच्या अंतराने येते. म्हणून इथल्या प्रत्येक जुन्या घरात जमिनीखाली हौद असतो आणि त्या हौदावर घर चालते. एका सकाळी पाणी आल्यावर मी हौदाचे झाकण उघडले, तेव्हा आतले पाणी जांभळट दिसले. तांब्यात घेऊन उजेडात धरले तर तळाशी रंगाचा गाळ बसला होता. हौदाची भिंत तडकून रंगाईचे सांडपाणी आत झिरपत होते. तो तांब्या मी त्या दिवशी त्याच्यासमोर नेऊन ठेवला. "करून देतो की मावशी, एवढं काय," असे तो म्हणाला. पुढच्या नऊ महिन्यांत त्याने ना दुरुस्ती केली ना भाडे दिले, आणि नोटीस गेल्यानंतर एका रात्रीत दिव्याच्या तारा, बटणे आणि मागच्या दाराची फळीसुद्धा काढून घेऊन तो निघून गेला. किल्ली शेजाऱ्यांकडे ठेवली होती.

भाडेकरूने जागा नेहमीच्या वापरातली झीज सोडली तर घेतली तशी परत द्यावी, असे मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ चे कलम १०८ सांगते. दाव्यात मी याच कलमावर उभी होते. न्यायालयाने कोर्ट कमिशनर नेमला, त्याने जागा पाहून, मापे घेऊन दुरुस्तीचा खर्च १,९२,००० रुपये काढला. नऊ महिन्यांचे भाडे ५८,५०० आणि वीजबिल २४,००० रुपये त्यात मिळवून व ३०,००० रुपयांची अनामत वजा करून हुकूमनाम्याची रक्कम ठरली. दावा चार वर्षे चालला. प्रतिवादी पहिली दोन वर्षे तारखांना येत होता, त्याचा वकील होता, त्याने लेखी म्हणणेही दिले होते. निकालाच्या दिवशी मी घरी येऊन देवापुढे साखर ठेवली. वसुली ही आता काही महिन्यांची बाब आहे, अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

हिंदुस्थानातल्या पक्षकाराच्या अडचणी हुकूमनामा हाती आल्यावर सुरू होतात, अशा अर्थाचे उद्गार प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, १८७२ मध्ये काढले होते. हे वाक्य मला माझ्या वकिलांनी दरखास्त दाखल करतानाच ऐकवले. दीडशे वर्षांनंतरही ते वाक्य पक्षकाराला धीर म्हणून ऐकवावे लागते, याचे मला त्या दिवशी फार वाईट वाटले.

दरखास्तीच्या अर्जात एक रकाना असतो : न्यायालयाने कोणत्या प्रकारे मदत करावी? जंगम मालमत्तेची जप्ती, स्थावराची जप्ती व विक्री, खात्यातल्या रकमेची जप्ती, दिवाणी कैद, यांपैकी आपल्याला काय हवे ते दरखास्तदाराने लिहायचे असते, आणि जप्त करायच्या मालमत्तेचा तपशील शक्य तितका त्यानेच द्यायचा असतो. माझी सगळी फरपट या एका रकान्यात आहे. ज्या माणसाने रात्रीतून घर सोडले, त्याचे खाते कुठल्या बँकेत आहे, त्याच्या नावावर कुठे जागा आहे, कोणत्या व्यापाऱ्याकडून त्याचे पैसे येणे आहेत, हे मी कसे सांगणार? हे सगळे ज्याला बिनचूक माहीत आहे, असा एकच माणूस या प्रकरणात आहे आणि तो म्हणजे ऋणको, ज्याच्याकडून माझे पैसे येणे आहेत. तरीही विचारणा माझ्याकडे होते.

तरी मी शोध घेतला. पहिल्या वर्षी भाड्यापोटी त्याने दिलेल्या एका धनादेशाची छायाप्रत माझ्या फायलीत निघाली, तिच्यावरून शाखा कळली आणि खात्यावर जप्तीचा हुकूम गेला. खात्यात १,३४० रुपये होते. जीएसटीच्या संकेतस्थळावर कोणत्याही क्रमांकाचा धंदा कुणाच्या नावे आणि कुठल्या पत्त्यावर आहे हे कुणालाही पाहता येते. त्याच्या जुन्या पावतीवरच्या क्रमांकाने पाहिले, तर नोंदणी रद्द झालेली होती, आणि त्याच नावाशी मिळत्याजुळत्या नावाचा नवा धंदा त्याच्या पत्नीच्या नावे सुरू होता. सातबारा पाहिला, मिळकत पत्रिका पाहिली, नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर सूची क्रमांक दोन (नोंदवलेल्या दस्तांची यादी) धुंडाळली. हे सगळे मी वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, भाच्याला संगणकासमोर बसवून, संध्याकाळी केले. ज्यांना भाचा नाही, इंटरनेट नाही, किंवा ज्यांचा दिवस विड्या वळण्यात जातो, त्या दरखास्तदारांनी हा रकाना कसा भरावा?

मग जंगम जप्तीचे वॉरंट निघाले. बेलिफासोबत जायची वेळ मे महिन्यातल्या दुपारी आली. तो गृहस्थ आता स्वतः भाड्याच्या घरात राहत होता. शेजारच्या तिघांनी पंच व्हायला नकार दिला. रस्त्यावरचा एक उसाचा रसवाला आणि एक रिक्षावाला अखेर तयार झाले. बेलिफाने गुडघ्यावर कागद घेऊन यादी लिहायला सुरुवात केली, तेव्हा त्या गृहस्थाने आतून एक निळी प्लास्टिकची फाईल आणली. फाईलमध्ये घरातल्या प्रत्येक वस्तूचे बिल, प्रत्येक बिल वेगळ्या पारदर्शक पाकिटात, क्रमाने लावलेले होते. टीव्ही मुलाच्या नावे, फ्रीज मेहुण्याच्या नावे, दारातला टेम्पो मेहुण्याच्याच नावे, शिलाई यंत्रे पत्नीच्या नव्या धंद्याच्या नावे. लोखंडी कपाट माहेरून आलेले, म्हणून ते स्त्रीधन. उरली स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण आणि खाट, आणि या गोष्टींना दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे हात लावता येत नाही, तो लावू नये असे माझेही मत आहे. बेलिफाने 'जप्तीयोग्य मालमत्ता आढळून आली नाही' असे लिहिले आणि पंचांच्या सह्या घेतल्या.

ती फाईल मी अजून विसरलेले नाही. ज्याच्याजवळ खरेच काही नसते, त्याच्याकडे अशी फाईल नसते.

खरी गोष्ट मात्र मला यानंतर कळली. सूची क्रमांक दोन धुंडाळताना शहराच्या हद्दीजवळचा एक बिगरशेती प्लॉट सापडला, जो दावा चालू असताना सगळा काळ त्याच्या नावावर होता. हुकूमनामा झाल्यानंतर सातव्या आठवड्यात त्याने तो बक्षीसपत्राने पत्नीला दिला होता. म्हणजे मी साक्ष देत होते, कमिशनर खचलेली जमीन मोजत होता, वकील युक्तिवाद करत होते, त्या चार वर्षांत माझी रक्कम पुरेपूर फिटेल एवढी मालमत्ता या शहरातच पडून होती आणि न्यायालयाला व मला तिचा पत्ता नव्हता. निकालाआधी जप्ती मागण्याची तरतूद संहितेच्या आदेश ३८, नियम ५ मध्ये आहे, हे मला कुणीतरी सांगेल. परंतु त्यासाठी प्रतिवादी वसुली चुकवण्याच्या हेतूने मालमत्तेची विल्हेवाट लावण्याच्या बेतात आहे, हे न्यायालयाला पटवून द्यावे लागते. जी मालमत्ता आहे हेच माहीत नाही, तिची विल्हेवाट लागते आहे असे मी कोणत्या तोंडाने सांगणार होते?

आता उपाय कोणते, तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५३ खाली, धनकोंना चुकवण्यासाठी झालेले हस्तांतरण म्हणून त्या बक्षीसपत्राविरुद्ध सर्व धनकोंच्या वतीने वेगळा दावा लावायचा. अथवा प्लॉटवर जप्ती आणून पत्नीच्या हरकतीला आदेश २१, नियम ५८ खाली तोंड द्यायचे. दोन्ही वाटांनी पुन्हा पुरावा, पुन्हा उलटतपासणी, आणि पुढे अपील. एका दाव्याच्या वसुलीसाठी दुसऱ्या दाव्याएवढे काम. हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीला मुदत कायद्याने बारा वर्षे दिली आहेत. आधी मला हा अवधी फार मोठा वाटला होता. आता तसे वाटत नाही.

दिवाणी कैदेबद्दलही मला स्पष्ट लिहायचे आहे, कारण 'आत टाका म्हणजे पैसे निघतील' असा सल्ला मला अनेकांनी दिला. संहितेच्या कलम ५१ चे परंतुक सांगते की, पैसे देण्याची ऐपत असून ऋणको देत नाही, किंवा त्याने अप्रामाणिकपणे मालमत्ता हलवली आहे, अशी न्यायालयाची खात्री झाली आणि तिची कारणे लेखी नोंदवली, तरच कैद देता येते. केवळ पैसे नाहीत म्हणून माणसाला तुरुंगात टाकता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये जॉली जॉर्ज वर्गीस यांच्या प्रकरणात ठरवले, आणि ते योग्यच आहे. या शहरात गिरण्या बंद पडल्यावर घरेच्या घरे कर्जात बुडालेली मी पाहिली आहेत. माझ्या वर्गातली मुले अशा घरांतून येत असत. गरिबाला कैद व्हावी असे मला कधीही वाटणार नाही. शिवाय कैदेतल्या ऋणकोचा निर्वाहभत्ता दरखास्तदारानेच आगाऊ भरायचा असतो, हेही इथे नोंदवते. माझ्या प्रकरणात कैदेची नोटीस निघाली, तेव्हा त्याने न्यायालयात दहा हजार रुपये भरले, हप्ते मागितले, आणि त्यानंतर पुन्हा काही भरले नाही. ऐपत सिद्ध करण्याचे ओझे पुन्हा माझ्यावर आले. फिरून तोच प्रश्न : त्याच्याजवळ काय आहे?

या प्रश्नाचे उत्तर संहितेत आहे, आणि म्हणूनच हे पत्र लिहिण्याचे धाडस करते आहे. आदेश २१, नियम ४१(२) सांगतो की, पैशाचा हुकूमनामा तीस दिवस अतृप्त, म्हणजे न फेडलेला, राहिला, तर दरखास्तदाराच्या अर्जावरून न्यायालय ऋणकोला त्याच्या मालमत्तेचे शपथपत्र द्यायला सांगू शकते. ते न दिल्यास ४१(३) प्रमाणे तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. शपथपत्राचा नमुनाही परिशिष्ट ई मध्ये क्रमांक १६-क असा छापलेला आहे. अवलंबून कोण आहेत, उत्पन्न किती व कुठून, राहते घर कुणाचे, बँक खाती कोणती, शेअर्स, विम्याच्या पॉलिसी, घरे-जमिनी आणि लोकांकडून काय येणे आहे, हे सगळे त्यात विचारले आहे. १९७६ च्या दुरुस्तीने आलेली ही तरतूद इतकी चांगली आहे की, ती पहिल्यांदा वाचली तेव्हा मला आता काम झाले असे वाटले.

परंतु या तरतुदीत दोन खाचा आहेत आणि दोन्हींत माझा पाय अडकला. एक म्हणजे, ती अर्जावर आणि न्यायालयाच्या इच्छेवर अवलंबून आहे. अर्ज, त्यावर म्हणणे, म्हणण्यावर तारीख, युक्तिवाद, आदेश, आदेशाची बजावणी, अशी माझी चौदा महिन्यांची वाट गेली, आणि शेवटी त्याने दिलेले शपथपत्र नमुन्यात नव्हतेच. 'माझ्या नावे कोणतीही स्थावर अथवा जंगम मालमत्ता नाही' असे एक वाक्य, खाली सही. अक्षरशः पाहिले तर ते त्या दिवशी खोटेही नव्हते. याचे कारण दुसरी खाच : ही तरतूद हुकूमनाम्यानंतर तीस दिवसांनी जागी होते. ज्याला मालमत्ता हलवायची आहे, त्याला कायद्यानेच दिलेली ही सवड आहे.

सर्वोच्च न्यायालयाने २२ एप्रिल २०२१ रोजी, सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या निवृत्तीच्या आदल्या दिवशी, राहुल शहा विरुद्ध जिनेंद्रकुमार गांधी या प्रकरणात दिलेला निकाल आपल्यासमोर आहेच. दरखास्त दाखल झाल्यापासून सहा महिन्यांत निकाली काढावी आणि त्यापुढे वेळ लागला तर कारणे लेखी नोंदवावीत, असे त्यात म्हटले आहे. माझ्या प्रश्नाशी त्याहून जवळचे दोन निर्देश त्यात आहेत. पैशाच्या दाव्यात मुद्दे निश्चित करण्यापूर्वी प्रतिवादीला, तो जेवढ्या रकमेला जबाबदार धरला जात आहे तेवढ्यापुरते, मालमत्तेचे विवरण शपथेवर द्यायला सांगता येईल, हा एक. आणि सर्व उच्च न्यायालयांनी अंमलबजावणीसंबंधीचे आपले नियम वर्षभरात पुन्हा तपासून अद्ययावत करावेत, हा दुसरा. पुढे ६ मार्च २०२५ रोजी पेरियम्मल विरुद्ध व्ही. राजामणी या प्रकरणात त्याच न्यायालयाने प्रलंबित दरखास्तींची माहिती सर्व उच्च न्यायालयांकडून मागवली. ऑक्टोबर २०२५ मध्ये जो आकडा पुढे आला, तो देशभरात ८ लाख ८२ हजारांहून अधिक दरखास्तींचा होता, आणि त्यांतल्या तीन लाखांहून अधिक एकट्या महाराष्ट्रातल्या, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक. त्या तीन लाखांतली एक माझी आहे.

यावर माझी विनंती अशी आहे. पैशाच्या वसुलीच्या प्रत्येक दाव्यात, मग तो नुकसानभरपाईचा असो, थकलेल्या भाड्याचा असो वा उसनवारीचा, प्रतिवादीने लेखी म्हणण्यासोबत आणि काहीही झाले तरी मुद्दे निश्चित होण्यापूर्वी, नमुना १६-क च्या धर्तीवरचे विवरण न्यायालयात द्यावे, असा नियम आपण कलम १२२ च्या अधिकारात करावा. तो 'देता येईल' असा न ठेवता 'द्यावे' असा करावा. कलम १२६ प्रमाणे अशा नियमाला राज्य शासनाची पूर्वमान्यता लागते, म्हणून या पत्राची दुसरी प्रत विधी व न्याय विभागाला आहे. प्रतिवादीच्या खासगीपणाचा विचार मीही केला आहे. दावा अजून सिद्ध व्हायचा असताना वादीच्या हाती त्याच्या सगळ्या मिळकतीची यादी पडू नये, हे रास्त आहे. म्हणून विवरण दाव्याच्या रकमेपुरतेच असावे, मोहोरबंद पाकिटात न्यायालयाकडे राहावे, आणि हुकूमनामा झाल्यावरच ते वादीसाठी उघडावे. दावा फेटाळला गेला तर पाकीट न उघडता प्रतिवादीला परत मिळावे. मात्र विवरणात लिहिलेली मालमत्ता दावा चालू असताना, आणि हुकूमनामा झाल्यास तो फिटेपर्यंत, न्यायालयाला आधी कळवल्याशिवाय हलवता येणार नाही, एवढे बंधन त्याच नियमात हवे. माझ्या प्रकरणात हे झाले असते, तर तो प्लॉट चार वर्षे पाकिटात बंद असता आणि सातव्या आठवड्यातले बक्षीसपत्र झालेच नसते.

हुकूमनाम्यातही एक परिच्छेद कायमचा छापला जावा : रक्कम तीस दिवसांत न भरल्यास ऋणकोने अमुक तारखेस अद्ययावत विवरणासह हजर राहावे. त्यासाठी वेगळा अर्ज, वेगळी नोटीस, बजावणीचा वेगळा भत्ता लागू नये. ज्या दिवशी निकाल लागतो, त्या दिवशी दोन्ही पक्ष न्यायालयाला माहीत असतात. वर्षभराने त्यांतला एक 'सदर इसम या पत्त्यावर राहत नाही' या शेऱ्याआड गेलेला असतो. माझी पहिली नोटीस याच शेऱ्यासह परत आली होती.

नमुना १६-क हा धनादेशांच्या काळातला आहे. आज सोलापुरात चहाच्या गाड्यावरसुद्धा पैसे मोबाईलने जातात. नमुन्यात पॅन क्रमांक, त्या पॅनशी जोडलेली सर्व खाती, जीएसटी क्रमांक, आणि मागच्या तीन वर्षांत कुटुंबीयांच्या नावे केलेली हस्तांतरणे यांचे रकाने घालावेत. हा शेवटचा रकाना मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मालमत्ता नाही असे लिहिणे सोपे आहे; ती तीन वर्षांपूर्वी होती आणि आता कुणाकडे आहे, हे शपथेवर लिहिणे अवघड आहे. नमुना अर्धवट भरला तर तो भरलाच नाही असे धरून ४१(३) ची कार्यवाही आपोआप सुरू व्हावी.

ही मागणी घरमालकांच्या बाजूची आणि भाडेकरूंच्या विरुद्धची आहे, असा कुणी समज करून घेऊ नये, ही मनापासून विनंती. आमच्या पेठेत निम्मी घरे भाड्याची आहेत. यंत्रमागावर काम करणारी, विड्या वळणारी, शिलाई करणारी माणसे त्यांत राहतात आणि त्यांतली बहुतेक आपले घर मालकाहून नीटनेटके ठेवतात. अनामत रक्कम दाबून ठेवणारे घरमालकही मी पाहिले आहेत. अशा मालकाविरुद्ध ज्या भाडेकरूने हुकूमनामा मिळवला, त्यालाही याच दरखास्तीच्या वाटेने जावे लागते, आणि त्याच्याजवळ तर शोध घ्यायला माझ्याएवढाही वेळ नसतो. नियम दोघांना सारखाच उपयोगी पडेल. प्रामाणिक ऋणकोलाही तो उपयोगी आहे, कारण ज्याने खरे विवरण दिले त्याला हप्ते बांधून देणे न्यायालयाला सोपे जाईल आणि त्याच्या दारात बेलिफ व पंच उभे राहण्याची वेळ येणार नाही.

व्याजाबद्दल एकच सांगते. व्यापारी व्यवहार नसेल तर संहितेच्या कलम ३४ खाली हुकूमनाम्यानंतरचे व्याज वर्षाला सहा टक्क्यांच्या वर जात नाही. माझ्या रकमेवर ते १४,६७० रुपये होते. बाजारात कर्ज काढायला गेलेल्या माणसाला एवढ्या कमी दराने पैसे मिळत नाहीत, म्हणजे हुकूमनामा न फेडणे हे ऋणकोला मिळणारे सर्वांत स्वस्त कर्ज आहे. कलम ३४ हे संहितेच्या मूळ भागात असल्यामुळे ते नियमाने बदलता येणार नाही, याची मला कल्पना आहे. विधी व न्याय विभागाने त्याचा विचार करावा.

आमचा जिल्हा १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचला जोडला गेला. अपिलासाठी मुंबईची खेप वाचली, याचा सोलापूरकरांना आनंद आहे. माझ्यासारख्यांचा प्रश्न मात्र अपिलाचा नाही. आम्ही जिंकलेलो आहोत, आणि ज्या न्यायालयात जिंकलो तिथेच उभे आहोत.

मागच्या खणाची अर्धी दुरुस्ती मी निवृत्तिवेतनातून करून घेतली. हौद आधी केला, कारण त्यावाचून घर चालत नाही. भिंतीतले भगदाड विटांनी बुजवले आहे, गिलावा राहिला आहे. उखडलेल्या शहाबादी फरश्या अंगणात भिंतीला टेकवून ठेवल्या आहेत. त्यांतल्या सुमारे चाळीस उलट बाजूने घासून पुन्हा बसवता येतील, असे गवंडी म्हणतो. दरखास्तीची पुढची तारीख सिद्धेश्वराच्या यात्रेनंतरची आहे, आणि त्या तारखेला प्लॉटच्या जप्तीचा अर्ज देण्याचे ठरले आहे. मी वर सुचवलेल्या नियमाचा माझ्या प्रकरणाला आता उपयोग व्हायचा नाही. आज जे दावे दाखल होत आहेत, त्यांना तो व्हावा.

हुकूमनामा, बेलिफाचा अहवाल, ऋणकोचे एका वाक्याचे शपथपत्र आणि सूची क्रमांक दोनचा उतारा, यांच्या प्रती नावे झाकून या पत्राच्या टपालाने पाठवलेल्या प्रतीसोबत जोडल्या आहेत. नियम समितीने सूचना मागवल्यास वा प्रत्यक्ष म्हणणे ऐकायचे ठरवल्यास मी स्वखर्चाने येईन.

कळावे,

आपली नम्र,
एक दरखास्तदार
सोलापूर